विटा, दोरा आणि दंव : जुन्या लखनौची पायी भटकंती

गोमती नदी पिलिभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथील तलावातून उगम पावते, आणि हिमालयातील बर्फाचे पाणी तिला मिळत नसल्यामुळे पावसाच्या व जमिनीतील झऱ्यांच्या पाण्यावरच वाहत लखनौ ओलांडून वाराणसीच्या पुढे गंगेला मिळते. तिच्या दोन्ही काठांवर साचलेल्या खोल गाळाच्या सपाटीवर हे शहर वसलेले असल्याने सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या सवयीचा कातळ येथे दृष्टीस पडत नाही. जवळ डोंगर नाहीत, दगडाच्या खाणी नाहीत, आणि म्हणून दिल्ली-आग्र्याचा लाल दगड किंवा संगमरवरही अवधच्या नवाबांच्या बांधकामांत फारसा आढळत नाही. त्यांनी जे भव्य उभारले ते भाजलेल्या मातीतून व चुन्यातून उभारले. साधा, नाशवंत माल आणि असामान्य हात हे सूत्र केवळ इमारतींपुरते नाही; येथील भरतकाम, मिठाई आणि कथाकथन यांनाही तेच लागू पडते. इमारतींना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण लाभले, हातांना मात्र तसे कोणतेही कवच लाभले नाही. त्यामुळे या शहरात येणाऱ्या भटक्याने निम्मा वेळ वास्तूंना दिला, तर उरलेला निम्मा वेळ हातांसाठी राखून ठेवणे अगत्याचे आहे.

पुढे सांगितलेली वाट गोमतीच्या दक्षिण काठाने जाणारी, साधारण सात-आठ किलोमीटरची, चढ-उतार नसलेली आणि एका दिवसात पुरी होणारी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिच्यासाठी योग्य काळ होय. डिसेंबरच्या अखेरीपासून दाट धुके पडते व गाड्या उशिरा धावतात, हे मात्र परतीचे आरक्षण करताना ध्यानात ठेवावे. मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेस थेट लखनौ जंक्शनला येते आणि तेथून चौक या जुन्या पेठेपर्यंत रिक्षा सहज मिळते. मोहरमच्या काळात इमामबाड्यांत धार्मिक विधी चालू असल्याने पर्यटकांच्या प्रवेशावर मर्यादा येतात, म्हणून त्या वर्षीच्या तारखा आधी पाहून घ्याव्यात. मे-जूनच्या उन्हात पायी फिरणे कठीणच. मात्र त्या दिवसांत येणे झाल्यास नदीपलीकडच्या अलीगंजातील हनुमान मंदिर अवश्य पाहावे. नवाब घराण्यातील एका बेगमेने ते बांधवल्याची आख्यायिका सांगितली जाते, त्याच्या शिखरावर चंद्रकोर आहे, आणि ज्येष्ठातील प्रत्येक मंगळवारी, म्हणजे ‘बडा मंगल’च्या दिवशी, शहरभर रस्तोरस्ती मंडप घालून येणाऱ्या-जाणाऱ्यास जेवण व थंड पाणी दिले जाते.

हिवाळ्यातील भटकंतीचा आरंभ पहाटे चौकातील गोल दरवाजापाशी करावा, कारण तेथे मिळणारी ‘निमिष’ ऊन चढले की उरत नाही. मक्खन-मलाई या नावानेही ओळखली जाणारी ही मिठाई तयार करण्यासाठी साय व दूध आटवून थंड करतात, रात्री उघड्या आकाशाखाली ठेवून त्यावर दंव पडू देतात, आणि पहाटेपूर्वी ते घुसळून वर येणारा फेस हलक्या हाताने काढून घेतात. त्यात साखर, केशर व पिस्ते घालून हा पिवळसर फेस रुंद परातीत उंच रचून विकायला आणला जातो. जिभेवर ठेवताच तो विरतो, आणि थंडी कमी असेल त्या दिवशी परातीतच बसू लागतो. शीतकपाट वापरून हा पदार्थ बारमाही करण्याची सोय आता असली, तरी दंवाच्या रात्री वाट पाहून तो करणाऱ्यांकडूनच घ्यावा.

तेथून ईशान्येस नदीकडे गेले की लक्ष्मण टिला लागतो. ‘टिला’ म्हणजे टेकाड. गाळाच्या सपाटीवर एवढासा उंचवटाही डोळ्यात भरतो. रामाने हा प्रदेश लक्ष्मणास दिला व त्याने येथे लक्ष्मणपुरी वसवली, ही आख्यायिका याच टेकाडाशी जोडलेली आहे. त्यावर आज मोगल काळातील मशीद उभी आहे आणि पीर मुहम्मद शाह यांची कबरही आहे. मशिदीचे आवार प्रार्थनेचे असल्याने नमाजाच्या वेळा टाळाव्यात, पादत्राणे काढावीत आणि छायाचित्रासाठी अनुमती घ्यावी. जवळच शेखजाद्यांचा, म्हणजे नवाबांपूर्वी लखनौवर पकड असलेल्या घराण्याचा, मच्छी भवन हा किल्ला होता. ब्रिटिशांनी रेसिडेन्सी या आपल्या वसाहतीत माघार घेताना १ जुलै १८५७च्या सुमारास तो सुरुंगाने उडवला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या परिसरात किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज उभे राहिले, त्यामुळे किल्ला म्हणून पाहण्यासारखे आता तेथे काही नाही.

बडा इमामबाडा मात्र सावकाश पाहावा. इमामबाडा म्हणजे हजरत इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या शोकसभांची वास्तू. राजधानी १७७५ मध्ये फैजाबादहून लखनौला आणणाऱ्या नवाब आसफ-उद-दौलाने भीषण दुष्काळाच्या काळात, १७८४ मध्ये, हे काम काढले, आणि स्थापत्याची जबाबदारी किफायतुल्लाकडे होती. मजूर दिवसा बांधत आणि प्रतिष्ठित पण उपाशी कुटुंबातील माणसे तोंड दिसू नये म्हणून रात्री येऊन त्यातले काही पाडत, म्हणजे काम लांबून सर्वांना मजुरी मिळत राहील, अशी कथा सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, मदत घेणाऱ्याची लाज राखण्याला या शहराने किती मोल दिले हे तिच्यातून कळते, आणि एवढ्यासाठी ती जपण्याजोगी आहे. मधला दिवाणखाना सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद व १५ मीटर उंच असून त्याच्या छताला एकही खांब वा तुळई नाही. वर जी प्रसिद्ध ‘भूलभुलैया’ आहे तिला वाट चुकवण्याचा खेळ समजण्याचा प्रघात असला, तरी तिचे खरे काम बांधकामाचे आहे. कमानीच्या छतावरील भरीव वजन कमी करण्यासाठी भिंतींच्या आत अरुंद मार्ग व पोकळ्या सोडल्या गेल्या, आणि त्यांतूनच हे जाळे तयार झाले. तेथे अधिकृत वाटाड्या घ्यावा. तो खालच्या सज्जाच्या एका टोकाला काडी ओढतो आणि दुसऱ्या टोकाला तिचा आवाज ऐकू येतो. बाजूच्या पायविहिरीत, म्हणजे शाही बावडीत, १८५७ मध्ये खजिन्याच्या किल्ल्या घेऊन एका कारभाऱ्याने उडी टाकल्याची कथाही तोच सांगेल.

आवाराबाहेरच्या रूमी दरवाजाजवळ, गिलावा निघालेला असेल तेथे, ‘लखौरी’ विटा दिसतात. या विटा जेमतेम दोन बोटे जाडीच्या असतात, आणि पातळ असल्यामुळेच गवंड्याला त्यांतून कमळाच्या पाकळीची वळणे काढता आली. त्यांना जोडणाऱ्या मिश्रणात चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, यांखेरीज गूळ, उडदाची डाळ व बेलफळाचा गर घालण्याची पद्धत होती. दुरुस्तीत सिमेंट वापरले की ओल आत कोंडते व जुनी वीट फुगते, म्हणून चुन्याचे काम जाणणारा गवंडी टिकणे या कमानींच्या आयुष्याशीच बांधलेले आहे.

पुढे हुसेनाबादमध्ये १८८० च्या दशकातले ६७ मीटर उंचीचे घंटाघर आणि मुहम्मद अली शाहच्या १८४२ मधील मृत्यूमुळे सात मजल्यांऐवजी चारांवरच थांबलेला सतखंडा धावत पाहिला तरी चालतो; झुंबरांनी भरलेल्या छोट्या इमामबाड्यात थोडे थांबावे आणि दुपारच्या आत चौकात परतावे, कारण तोवर तेथील दुकाने व कारखाने उघडलेले असतात.

चिकनकारी, म्हणजे तलम कापडावरील लखनवी कशिदा, या कलेला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काम अनेक हातांतून जाते. प्रथम छपाईवाला लाकडी ठशांनी, धुतल्यावर निघून जाईल अशा निळ्या रंगात, नक्षी उमटवतो; मग ते कापड शहरातील आणि काकोरी-मलिहाबादसारख्या भागांतील घरांत बायकांकडे जाते; शेवटी धोबी ते धुऊन रंग काढतो व खळ देतो. मुर्री हा तांदळाच्या दाण्यासारखा टाका, फंदा ही बारीक गोल गाठ, बखिया हा उलट बाजूने भरून सुलट बाजूस सावली उमटवणारा टाका. या साऱ्यांत ‘जाली’ जवळून पाहण्यासारखी असते. एकही धागा न कापता, न ओढता, कारागीर सुईच्या टोकाने उभे-आडवे धागे बाजूला सारते, लहानशा टाक्याने त्यांना तेथेच बांधते, आणि कापडात समान अंतराची छिद्रे उघडत जातात. खरेदी करताना कापड उलटून पाहावे: यंत्राच्या भरतकामाची मागची बाजू एकसारखी असते, हाताच्या कामात गाठी व एका फुलाकडून दुसऱ्याकडे गेलेले दोरे दिसतात. मधल्या व्यापाऱ्यांची साखळी लांब असल्याने किमतीतला फार थोडा वाटा टाका घालणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतो, आणि मुलींनी हे काम सोडण्याचे मोठे कारण हेच आहे. म्हणून भाव पाडण्याचा आग्रह धरू नये, आणि शक्य तेथे बायकांच्या बचत गटाकडून वा सहकारी संस्थेकडून थेट घ्यावे. घरात काम पाहायला गेल्यास विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये.

याच गल्ल्यांत चांदीचा वर्ख कुटणाऱ्यांच्या हातोड्यांचा ठेका पूर्वी सतत ऐकू येई. यंत्रावरच्या वर्खाने तो बराच थांबवला आहे. कथा सांगण्याची दास्तानगोई तर त्याहून आधी विरली. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये लखनौत काढलेल्या छापखान्याने अमीर हमज्याच्या दास्तानाचे ४६ खंड छापले नसते, तर सांगणाऱ्यांबरोबर त्या कथाही गेल्या असत्या. २००५ नंतर रंगमंचावर दास्तानगोई पुन्हा उभी राहिली ती या छापील खंडांच्या आधारावरच. पतंगबाजी मात्र अजून जिवंत आहे, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या ‘जमघट’ला जुन्या वस्तीच्या गच्च्या भरून जातात.

दुपारनंतर रेसिडेन्सी पाहावी. १८५७ च्या जूनअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत वेढ्यात राहिलेल्या या वसाहतीच्या भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा आहेत. पण त्याच वर्षीच्या जुलैत बेगम हजरत महल यांनी आपल्या अल्पवयीन मुलाला, बिरजीस कद्रला, गादीवर बसवून शहराचा कारभार हाती घेतला होता, हे तेथे फिरताना विसरू नये.

तेथून सुमारे किलोमीटरभरावर कैसरबाग आहे. वाजिद अली शाहने १८४८ ते १८५० दरम्यान उभारलेल्या या राजवाड्यातील ‘परीखाना’ या भागात नृत्य-गायनाचे शिक्षण दिले जाई. १८५६ मध्ये राज्य खालसा झाले आणि कलावंतांचा आश्रय गेला. पुढे वाळकेश्वरी जन्मलेले पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी, घराण्यांच्या कंठात बंद असलेल्या चिजा गावोगाव फिरून मिळवल्या व स्वरलिपीत उतरवल्या, आणि त्या शिकवण्यासाठी राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज स्थापन केले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ते दीर्घकाळ चालवले. आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाणारी ही संस्था परीखान्यातच आहे. अनुमतीसाठी फाटकावर विचारावे, आणि वेळ उरल्यास झाऊलाल पुलाजवळची कालका-बिंदादीन यांची ड्योढी, म्हणजे कथकच्या लखनौ घराण्याचे मूळ घर, पाहून यावे. बिरजू महाराज याच घराण्यातले, आणि वास्तूत आता कथकचे संग्रहालय आहे. परतीसाठी कैसरबागेजवळचे के. डी. सिंग बाबू स्टेडियम हे मेट्रो स्थानक सोयीचे आहे. तेथून चारबागला, म्हणजे रेल्वे स्थानकापाशी, गाडी न बदलता जाता येते.