ब्रिज पक्का करा, पण गिटार कोरू देऊ नका

नौबादहून भालकी, औराद, उदगीरपर्यंत लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवताना फ्लॉइड रोझ ब्रिजचा त्रास मी पुरेपूर अनुभवला आहे. गाणं रंगात आलेलं असताना एक तार तुटली, की उरलेल्या पाचही तारा सुराच्या वर चढतात. एखाद्या गाण्यासाठी जाडी तार खाली उतरवावी, तर बाकीच्या पुन्हा लावत बसावं लागतं. त्यातही नटवरचे लॉक ॲलन कीने सैल केल्याशिवाय खुंट्या पिळून उपयोग नाही. मंडपात एवढी उसंत कोण देतं?

यात ब्रिजचा दोष नाही. फ्लॉइड रोझ यांना १९७९ मध्ये ज्या रचनेचं पेटंट मिळालं, ती ब्रिजला जोडलेला दांडा हवा तितका दाबूनही तारा पुन्हा सुरात याव्यात यासाठीच आहे. ब्रिज दोन खांबांवर धारेने टेकलेला असतो. एका बाजूने तारा त्याला ओढतात, तर पाठीमागच्या खोबणीतल्या स्प्रिंगा उलट बाजूने. तराजूच म्हणा ना. ०.००९ ते ०.०४२ इंची तारांचा सेट लावला, तर सहा तारांचा मिळून ताण ३८ किलोच्या आसपास जातो. त्यातली एक गेली की स्प्रिंगांचं पारडं जड होतं.

मला दांडा लागतच नव्हता. म्हणून शहरातल्या एका दुकानाकडे गिटार दिली आणि ब्रिज हलणार नाही असं करा, एवढंच सांगितलं. त्यांनी जुना ब्रिज, स्प्रिंगा सगळं काढलं, खोबणीत हलकं लाकूड सरसाने भरलं आणि वर दुसरा ब्रिज ठोकला. गिटार परत आली ती दिसायला नीटनेटकी. मोकळी तार बरोबर लागायची, पण बाराव्या फ्रेटवर तोच स्वर चढा निघायचा. सॅडल स्क्रूच्या टोकापर्यंत मागे नेलं तरी चढाच. पट्टी लावल्यावर उलगडा झाला. या गिटारला नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिलिमीटर भरतात, म्हणजे तिथून सॅडलपर्यंत किमान तेवढंच अंतर हवं आणि जाड्या तारांना आणखी थोडं जास्त. ब्रिज पुढे बसला होता. शिवाय नवा ब्रिज उंच असल्याने तारा फ्रेटपासून इतक्या वर गेल्या की बोटं दुखायची.

दुसरा प्रकार ॲम्प्लिफायर लावल्यावर कळला. सतत गुणगुण. तारांना हात लावला तरी कमी होईना, जॅकच्या धातूला बोट लावलं की मात्र थांबायची. तारांचं अर्थिंग तुटलं होतं. स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवतात, तिला अर्थिंगची वायर डाखलेली असते. पट्टी काढली आणि वायर आत तशीच सोडून दिली. ती नव्या ब्रिजला जोडल्यावर आवाज गेला. ब्रिजची जागा मात्र छिद्रं बुजवून नव्याने पाडल्याशिवाय सुधारणार नव्हती.

एवढं सगळं ज्यासाठी केलं, ते काम लाकडाच्या दोन तुकड्यांनी होतं. माझ्या दुसऱ्या गिटारवर ते मी केलं आहे. आधी तारा नीट सुरात लावा आणि ब्रिजची पाटी गिटारच्या पृष्ठभागाशी समांतर आणा. मग मागचं झाकण उघडा. ब्रिजखाली लोंबणारा धातूचा ठोकळा दिसेल. त्याच्या पुढे मानेकडे किती फट आहे आणि मागे किती, हे वेगवेगळं मोजा. सुताराकडून सागाचे तुकडे त्या मापाचे, किंचित जाड कापून आणा आणि पॉलिश पेपरवर घासत घासत बोटाने दाबून सरकतील इतपत करा. हातोडी लावावी लागली तर ब्रिज जागचा हलतो आणि सूर बिघडतो. मानेकडचा तुकडा तार तुटल्यावर ब्रिजला मागे बसू देत नाही, दुसरा त्याला पुढे झुकू देत नाही. दोन्ही हवेत. सरस लावू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड आकसतं, तेव्हा पुठ्ठ्याची पातळ चकती घालून फट भरता येते. स्प्रिंगा आणि त्यांची पट्टी जागेवरच ठेवा, म्हणजे अर्थिंग शाबूत राहतं. नटचे लॉक आणि ब्रिजवरचे बारीक ट्यूनर पूर्वीसारखेच वापरता येतात. पुढे कधी दांडा हवासा वाटला, तर तुकडे काढून टाकले की झालं. मुळापासून पक्क्या ब्रिजचीच गिटार हवी असेल, तर तशी वेगळी घ्यावी. फ्लॉइड रोझची गिटार भरून घेणं मला पटत नाही.

तरीही कोणाला दुकानात द्यायची असेल, तर आधी पुढून-मागून फोटो काढा, पावतीवर ‘लाकूड कोरायचं किंवा भरायचं नाही’ असं लिहून घ्या, आणि परत घेताना तिथेच ॲम्प्लिफायरला लावून बाराव्या फ्रेटवरचा सूर ट्यूनरवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.