घर कोणाचे?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. घरातील गोष्ट चव्हाट्यावर आणू नये, असा तिचा रोख. एरवी ती उपयोगी असेल. परंतु घरात मारझोड सोसणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या म्हणीने फार अनर्थ केला आहे. आरडाओरडा ऐकून शेजारी 'नवरा-बायकोचे भांडण' म्हणतात आणि आपले दार लोटून घेतात.

१९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले आणि पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. तथापि गुन्हेगाराला शिक्षा होईल तेव्हा होईल. आज रात्री लेकरांना घेऊन निजायचे कोठे? या प्रश्नाचे उत्तर 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' या कायद्याने दिले. तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला.

मारहाण आणि लैंगिक अत्याचार यांबरोबरच मुलगा होत नाही म्हणून हिणवणे, खर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन बळकावणे यांनाही हा कायदा हिंसाचार मानतो. पत्नीप्रमाणेच त्याच घरातील आई, बहीण किंवा विधवा सूनही त्याचा आधार घेऊ शकते.

या कायद्याचा खरा गाभा मात्र कलम १७ मध्ये आहे. घर कोणाच्याही नावावर असो, त्या सामायिक घरात राहण्याचा स्त्रीला हक्क आहे. 'घर माझ्या नावावर आहे, चालती हो,' असे म्हणून तिला उंबऱ्याबाहेर काढता येत नाही. हा हक्क मालकीचा नव्हे, निवाऱ्याचा आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असेल तर? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा घरावरील सुनेचा हक्क नाकारला होता. २०२० च्या निकालाने तो मान्य झाला. मात्र वृद्ध सासू-सासऱ्यांच्या हक्कांचाही न्यायालयाने विचार करावयाचा असतो.

तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. ही माहिती शेजाऱ्यानेही द्यावी. सद्‌भावनेने ती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवरही मदत मिळते. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज आल्यावर पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि तेथून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात हे दिवस पुष्कळदा लांबतात. म्हणून अर्जाबरोबरच अंतरिम आदेश मागावा. त्रास देणाऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा किंवा स्त्रीला दुसरीकडे घरभाडे देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. संरक्षण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा.