पलंगाखालून बाहेर न येणारी कुत्री

प्रश्न : आठवड्यापूर्वी आम्ही निवारा केंद्रातून पाच महिन्यांची गावठी कुत्री घरी आणली. दिवसभर पलंगाखाली बसते. मी जवळ गेले की जागीच शू करते, रागावले तर आणखीच करते. काय करू?

उत्तर : ताई, आधी रागावणं पूर्ण थांबवा. कान मागे, शेपूट पायांत, अंग चोरलेलं आणि त्यातच शू, ही तिची शरणागती आहे. तुम्ही ओरडलात की ती आणखी शरण जाते, म्हणून पुन्हा शू होते. ती हट्टी नाही, घाबरलेली आहे.

तिच्यावर वाकू नका, डोळ्यांत रोखून पाहू नका. थोडं लांब, तिच्याकडे बाजू करून जमिनीवर बसा, उकडलेल्या चिकनचा तुकडा मध्ये टाका आणि गप्प राहा. जवळ आलीच तर डोक्यावर नको, छातीवर हात फिरवा. पलंगाखालून ओढून मात्र कधीही काढू नका. ती तिची हक्काची जागा आहे.

शू-शीची सवय हा वेगळा विषय. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या आणि खाऊ तिथेच द्या. घरात येऊन दिलात तर कशाबद्दल मिळाला हे तिला कळत नाही.

बाहेर नेताना हार्नेस वापरा, कारण बिचकलेलं कुत्रं गळपट्ट्यातून मान सहज सोडवतं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यापासून देता येते, तेव्हा केंद्राचे कागद तपासा. झोपेतही शू गळत असेल, तर पशुवैद्यांना लगेच दाखवा.