लूप लावण्याआधी

अगं, तू लूप, म्हणजे सेन्सरचा आकडा बघून पंपातून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारी, स्वतः जुळवायची यंत्रणा, लावायचं ठरवलंस ते मला मनापासून पटलं. रात्री रक्तातली साखर लो, मग घाबरून साखर खायची, सकाळी उठावं तर आकडा तीनशेच्या वर. हे ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं. अमेरिकेतल्या डॅना लुईसला झोपेत सेन्सरचा अलार्म ऐकूच यायचा नाही. तिथून सुरुवात करून तिने आणि तिच्या साथीदारांनी २०१५ मध्ये ओपनएपीएस नावाचं असंच लूप सगळ्यांसाठी खुलं केलं. कंपन्यांच्या यंत्रांची वाट बघत बसले नाहीत ते. शरीर तुझं, टाइप वन मधुमेह तुझा, तर निर्णयही तुझाच. घरात कुणी नाक मुरडलं तर माझं नाव सांग.

न्यूझीलंडमध्ये ९७ जणांवर अशा लूपची रीतसर चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आले. २४ आठवड्यांनंतर लूपवाल्यांची साखर साध्या पंप-सेन्सरवाल्यांपेक्षा दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ ७० ते १८० मध्ये राहिली, आणि गंभीर लो कुणालाच झाली नाही. अर्थात त्यांच्यावर डॉक्टरांची नजर होती, तेही लक्षात ठेव.

पण दादाचा मित्र सगळं बसवून देईल म्हणालीस ना, ते मला नको आहे. ॲप तुझं तू बनव. अँड्रॉइडएपीएस हे लूपचं ॲप टप्प्याटप्प्यानेच पुढे जाऊ देतं. सुरुवातीला ते नुसता सल्ला देतं, इन्सुलिन द्यायचं की नाही ते तूच ठरवायचंस. कंटाळा येईल, तरी घाई करू नकोस. मध्यरात्री लूपने भलताच डोस द्यायला घेतला तर तो मित्र नसेल, तू असशील. तो डोस का दिला हे तुला वाचता आलं पाहिजे आणि लूप बंदही करता आला पाहिजे.

सगळ्यात जास्त सांभाळायचा तो सेन्सरचा आकडा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता, तो याचसाठी. एका रुग्णाच्या सेन्सरचे आकडे मान्यता नसलेल्या यंत्रातून येत होते. साखर वाढलीय असं पुन्हा पुन्हा चुकीचं दिसत राहिलं, आणि त्यावर विसंबून इन्सुलिन जात राहिलं, गरजेपेक्षा जास्त. लूपला बिचाऱ्याला काय कळणार? त्याला आकडा मिळाला, त्याने काम केलं. तेव्हा स्वस्त पडतं म्हणून सेन्सरला बाहेरचं काही जोडणार असशील तर आधी कितीतरी दिवस बोट टोचून ताडून बघ. सेन्सर अंगाखाली दाबला गेला तरी तो खोटी लो दाखवतो. अंगाला जाणवतंय एक आणि स्क्रीनवर दुसरंच, तर ग्लुकोमीटर काढायचा.

फोनचा आणि पंपाचा संपर्क तुटला तर लूपने बदललेला बेसल, म्हणजे पंपातून सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, ठरलेल्या वेळेनंतर संपतो आणि पंप आपल्या मूळ बेसलवर येतो. तेव्हा तो मूळ बेसल आधी नीट बसवून घे. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. त्यामुळे कॅन्युला, म्हणजे अंगात घातलेली पंपाची बारीक नळी, दुमडली तर काही तासांत कीटोन वाढतात, म्हणून इन्सुलिनचं पेन आणि कीटोनच्या पट्ट्या पर्समध्ये हव्यातच.

आणि डॉक्टरांपासून लपवू नकोस गं. मान्यता नसलेली गोष्ट लिहून द्यायला ते कचरतील, कदाचित रागावतीलही. त्यांना लिहून द्या म्हणायचंच नाही. सरळ विचार, 'मी हे वापरणार आहे, तुम्ही माझे ग्राफ बघाल का?' नाही म्हणाले तर दुसरे शोधू. गेल्या दोन आठवड्यांचे ग्राफ काढून ठेव. पुढच्या भेटीला मी येते तुझ्याबरोबर.