सुट्टीतलं वाचन खिशाला किती पडतं?

सहावी ते आठवीतल्या मुलाच्या मे महिन्यातल्या वाचनासाठी किती पैसे बाजूला काढावेत? माझं उत्तर : पाचशे ते हजार रुपये, आणि त्यातली अनामतीची रक्कम परत मिळणारी. जास्त खर्च करायला कुणाची ना नाही, पण जास्तीच्या पैशांत जास्तीचं वाचन होईल, अशी हमी कुठलाच दुकानदार देत नाही.

आधी हिशेब मांडू. राज्य मंडळाच्या शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत चालते, विदर्भात उन्हामुळे आणखी थोडी लांबते. सहा आठवडे धरू. गावी जाणं, लग्नकार्यं, क्रिकेट आणि आमरसानंतरची झोप वजा जाता आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारं मूल चांगलं वाचणारं म्हणायचं. म्हणजे बारा पुस्तकं. कुमारांसाठीचं शंभरेक पानांचं मराठी पुस्तक आज साधारण शंभर ते दोनशे रुपयांत येतं. सरासरी दीडशे धरली, तर बारा पुस्तकांचे अठराशे होतात.

अडचण पुढे आहे. या वयाचं मूल समोर ठेवलेलं प्रत्येक पुस्तक वाचत नाही, आणि तशी सक्ती करूही नये. बारांपैकी पाच पूर्ण झाली आणि सात दहाव्या पानावर मिटली, तर वाचून झालेलं प्रत्येक पुस्तक तीनशे साठ रुपयांना पडलं. तीच बारा पुस्तकं वाचनालयातून आली असती आणि दोन महिन्यांची वर्गणी शंभर रुपये झाली असती, तर तोच आकडा वीस रुपयांवर आला असता. शिवाय सोडलेल्या सात पुस्तकांचं कुणालाच काही वाटलं नसतं. विकतचं पुस्तक अर्धवट टाकलं की आईबाबा काही बोलले नाहीत तरी त्यांच्या चेहऱ्यावर किंमत दिसते. मग मूल पान उघडं ठेवून बसायला शिकतं. वाचन तिथंच संपतं.

म्हणून सुट्टीची सुरुवात खरेदीने करू नका. आधी उसनं, मग फुकट, आणि मुलाला काय आवडतं ते कळल्यावर थोडं विकत.

शाळेचं कुलूपबंद कपाट

सगळ्यांत स्वस्त पुस्तकं मुलाच्या शाळेत असतात आणि नेमकी सुट्टीत ती कुलपात जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे कपाट आहे. निकालाच्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारा, ‘चार पुस्तकं सुट्टीपुरती सहीवर देता का?’ जिल्हा परिषदेच्या शाळेत, जिथं पालक आणि गुरुजी एकमेकांना ओळखतात, तिथं हे सहज जमून जातं. मोठ्या शहरी शाळेत नियम आडवा येऊ शकतो. तिथं चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा. खर्च शून्य. पुस्तक हरवलं तर भरून द्यावं लागेल, एवढंच.

वाचनालय : पैसे कमी, प्रश्न जास्त विचारा

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि शासनमान्य ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. ‘अ’ ते ‘ड’ असे त्यांचे वर्ग. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. आपल्याकडे ही सोय रेल्वेच्याही आधीची आहे, तरी शहरातल्या कितीतरी पालकांना आपल्या वॉर्डातलं वाचनालय ठाऊक नसतं. बाहेरची पाटी फिकी झालेली असते आणि आत ज्येष्ठ नागरिक पेपर वाचत बसलेले दिसतात, त्यामुळे मुलांसाठी इथं काही असेल असं वाटतच नाही.

खर्चाचे भाग तीन : प्रवेश फी, अनामत आणि मासिक वर्गणी. दर प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. लहान गावात आणि तालुक्याला अनामत शंभर ते तीनशे आणि वर्गणी वीस ते चाळीस रुपये धरून चाला. मोठ्या शहरात अनामत पाचशे-हजारापर्यंत आणि वर्गणी पन्नास ते दीडशे. बाल विभाग वेगळा असेल तर दर बरेच खाली येतात. प्रवेश फी परत मिळत नाही, अनामत मिळते, पण पावती दाखवल्यावर. सोबत मुलाचे दोन फोटो, पत्त्याचा पुरावा आणि काही ठिकाणी जुन्या सभासदाची शिफारस लागते.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा : मुलांना कपाटापर्यंत जाऊ देता का? पुष्कळ जुन्या वाचनालयांत आजही यादीतून नाव शोधायचं, चिठ्ठी लिहायची, आणि आतून कर्मचारी पुस्तक आणून देणार, अशी पद्धत आहे. मोठ्यांचं यात निभावतं. बारा वर्षांच्या मुलाला मात्र काय मागायचं हेच माहीत नसतं. त्याला पाठ, चित्र, जाडी पाहून पुस्तक निवडायचं असतं. जिथं कपाटं खुली आहेत, ते वाचनालय दोन किलोमीटर लांब असलं आणि वर्गणी वीस रुपये जास्त असली, तरी तेच घ्या. मग बाकीचे प्रश्न : एका वेळी पुस्तकं किती, मासिकं घरी देतात का, उशिराचा दंड किती, पुस्तक हरवलं तर छापील किंमत घेता की दुप्पट. वेळही बघून ठेवा. अनेक ठिकाणी दुपारी बंद असतं आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच येते असं नाही.

घरपोच पुस्तकं देणारी खासगी वाचनालयं शहरात महिना दोनशे ते पाचशे घेतात. आईवडील दोघं नोकरीला आणि घरी फक्त आजी असेल, तर हे पैसे वाया जात नाहीत. पण त्यांच्याकडे मराठी बालसाहित्य किती आहे ते यादी मागवून तपासा. अनेकांकडे इंग्रजीच जास्त असतं.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या गावोगावी आणि परदेशातल्या मराठी मंडळांपर्यंतही गेल्या आहेत. सोसायटीत पंधरा-वीस कुटुंबं उत्साही असतील, तर पेटीची चौकशी करून बघण्यासारखी आहे.

फुकट, आणि खरोखर चांगलं

फुकटातलं सर्वोत्तम म्हणजे ‘किशोर’. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ही चार-पाच दशकांची साठवण आहे : कथा, कविता, विज्ञान, कोडी आणि चित्रं. सातवीतल्या मुलाला आईच्या किंवा बाबांच्या जन्मसालाचा अंक शोधायला सांगा, बाकी तो पाहून घेईल. आवडला तर छापील अंकाची वार्षिक वर्गणी भरा. मुलाच्या नावाने पोस्टाने काहीतरी येणं ही आता दुर्मीळ चैन झाली आहे.

‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ हे केंद्र सरकारचं मोफत ॲप. त्यात वयोगट पाडलेले आहेत, त्यातला ११ ते १४ हा आपल्या कामाचा. ‘प्रथम बुक्स’चं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळही मोफत आहे, पण तिथला वरचा, म्हणजे चौथ्या पातळीचा मजकूरसुद्धा मराठी माध्यमातल्या सातवीच्या मुलाला दहा मिनिटांत संपेल. त्याचा खरा उपयोग वेगळ्या मुलांना आहे : इंग्रजी माध्यमात शिकणारी, घरी मराठी बोलणारी, पण वाचताना प्रत्येक जोडाक्षराशी अडखळणारी. त्यांना एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळते, आणि कुणासमोर लाज वाटत नाही. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञान-खेळण्यांसोबत मराठी पुस्तकांचाही मोठा साठा आहे.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफची गोष्ट निराळी. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचं निधन १९५० चं, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. ‘श्यामची आई’ची फुकट प्रत निर्धास्त उतरवून घ्या. पण हयात लेखकाचं दोनशे रुपयांचं पुस्तक कुणी ‘फॉरवर्ड’ केलं असेल, तर ती चोरी आहे. मराठी बालसाहित्याच्या आवृत्त्या आधीच छोट्या असतात.

विकत घ्यायचं तर

दोन आठवडे वाचनालयात काढल्यावर मुलाचा कल कळतो. आता दोन किंवा तीन पुस्तकं घ्या, तीही त्याला सोबत नेऊन.

कुठून सुरू करावं हे सुचत नसेल, तर ज्योत्स्ना प्रकाशनाचं ‘वाचू आनंदे’. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या या मालेत बाल आणि कुमार असे दोन गट आहेत, प्रत्येकी दोन भागांत. मराठीतल्या चांगल्या लेखनाचे वेचे सुंदर चित्रांसह एकत्र आहेत. हे पुस्तक बरीच वर्षं घरात राहतं, म्हणून विकत घेण्याच्या लायकीचं. मुलाला त्यातला कुठला लेखक आवडतो ते पाहून पुढचं पुस्तक ठरवता येतं.

रहस्य आवडणाऱ्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच, आणि सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादात रोहन प्रकाशनाने आणला आहे. दोन्हीकडे पूर्ण संच घेण्याचा मोह होतो आणि संचावर सूटही बरी असते. तरी आधी एकच पुस्तक घ्या. मुलाने दोन दिवसांत संपवून ‘दुसरं कुठाय?’ विचारलं, तर संच घ्यायला हरकत नाही. आठवीतल्या विज्ञानवेड्याला जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ द्या. ‘तोत्तोचान’ नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत काढलं आहे, आणि ट्रस्टच्या किमती बाजारापेक्षा नेहमीच खाली असतात. हॅरी पॉटर मराठीत आहे, पण जाडजूड आणि महाग. ते वाचनालयातूनच आणा.

सूट मागायला लाजू नका. मराठी पुस्तकांच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत दहा ते वीस टक्के सहज सुटतात. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो, तेव्हा अनेक प्रकाशक खास सवलत जाहीर करतात. सुट्टीच्या तोंडावर तो दिवस येतो, लक्षात ठेवा. ऑनलाइन एकच पुस्तक मागवलं तर शंभराच्या पुस्तकावर पन्नास-साठ रुपये पोचवणावळ बसते. मैत्रिणींनी मिळून एक मागणी नोंदवावी. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तेव्हा पुस्तकाच्या बिलात तो वेगळा लावलेला दिसला तर विचारा. मात्र पुस्तकासोबत खेळ किंवा प्रयोगाचं किट असेल तर त्यावर कर लागू शकतो.

जुन्या बाजारात इंग्रजी बालपुस्तकं ढिगाने आणि निम्म्याहून कमी किमतीला मिळतात. इंग्रजी शाळांनी दिलेली सुट्टीची यादी तिथंच पुरी करा. मराठी बालपुस्तकं मात्र तिथं क्वचित सापडतात. पदपथावरच्या नव्या कोऱ्या, लोकप्रिय पुस्तकांत चोरून छापलेल्या प्रतीही असतात. कागद पारदर्शक, छपाई पुसट, मधली सोळा पानं गायब.

मूल इंदूर, बडोदा किंवा दिल्लीत असेल आणि पुस्तकं आजोळी, तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा वापरा. मे २०२५ मध्ये ती सुरू झाली तेव्हाचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पार्सल कुठं पोचलं तेही कळतं. पोचायला दिवस लागतात, आणि पुडक्यात पत्र किंवा मासिक घालायचं नाही. आजीची चिठ्ठी वेगळ्या पाकिटात.

इथं हात आखडा

दारावर किंवा मॉलमध्ये येणारे ज्ञानकोशांचे संच. किंमत हजारांत, हप्त्यांची सोय, आणि ‘मुलाच्या भविष्यासाठी’ हे वाक्य ठरलेलं. तेवढी माहिती मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. जलद वाचनाचे वर्ग : सुट्टीत मूल सावकाश वाचत असेल तर वाचू द्या, त्याला कुठली गाडी पकडायची आहे? वाचन शिबिराची फी भरण्याआधी एवढंच विचारा की मुलं तिथं रोज स्वतः किती वेळ वाचणार आणि पुस्तकं घरी नेता येणार का. उत्तरात हस्तकला आणि नृत्य जास्त आलं, तर ते शिबिर चांगलं असेलही, पण खर्च वाचनाच्या खात्यात टाकू नका.

पुस्तकं ऐकवणाऱ्या ॲपची पहिली पंधरवडाभराची फुकट ऑफर घ्यायला हरकत नाही. प्रवासात ती उपयोगीही पडते. फक्त तेव्हाच यूपीआयमधलं ‘ऑटो-पे’ उघडून शेवटची तारीख पाहा आणि दोन दिवस आधी रद्द करा. पैसे कापले गेले आणि दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

भिलारचंही सांगून टाकतो. पाचगणीजवळच्या या पुस्तकांच्या गावात २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडली आहेत आणि वाचायला पैसे पडत नाहीत. पण मे म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीचा भर हंगाम, राहण्याचे दर तेव्हा सर्वांत चढे. महाबळेश्वरला जाणारच असाल तर एक अख्खा दिवस भिलारला द्या. केवळ वाचनासाठी जायचं तर जून अर्धा सरू द्या, किंवा दिवाळीनंतर जा.

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात वाचनालयात एक चक्कर मारा. मूल अजून जात असेल तर वर्षाची वर्गणी एकदम भरा, काही ठिकाणी एक-दोन महिने सुटतात. जात नसेल तर सगळी पुस्तकं जमा करून अनामतीचा अर्ज द्या. पावती हरवली असली तरी रजिस्टरमध्ये नाव असतंच, तेव्हा पैसे तिथंच सोडून येऊ नका.