एकाच वेळी अनेक भाषा : मोबाइल अ‍ॅपची निवड कशी करावी?

कोल्हापूर–गारगोटी मार्गावरील बिद्री हे कागल तालुक्यातील गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. येथील विद्यार्थी शाळेत मराठी, हिंदी व इंग्रजी शिकतो. पूर्वेस कर्नाटकातील निपाणीच्या बाजारपेठेत कन्नडही त्याच्या कानी पडते. त्रिभाषा सूत्राचा विचार करणाऱ्या १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे याच जिल्ह्यातील बहिरेवाडीचे आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे संस्थापक होत. त्यामुळे अनेक भाषांच्या अध्ययनाचा प्रश्न या परिसराला नवा नाही. मोबाइलवरील भाषा-अ‍ॅप हे त्याचे नवे साधन होय.

सरमिसळ का होते?

जवळच्या भाषा एकत्र शिकताना साम्य उपयोगी पडते, तसेच ते फसवतेही. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. ‘आवाज’ मराठीत पुल्लिंगी, तर हिंदीत स्त्रीलिंगी आहे. ‘जग’ हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच लिहिला जातो. परंतु त्यातील ‘ज’चा उच्चार वेगळा आहे. अशी चूक निष्काळजीपणाची समजून मुलास हिणवले, तर ते बोलणेच टाळू लागते. ही खरी हानी आहे.

अ‍ॅपमध्ये काय पाहावे?

१. स्पष्टीकरण मराठीतून मिळावे. आधारभाषा इंग्रजी असल्यास मुलावर दुहेरी भार पडतो.

२. प्रत्येक भाषेच्या प्रगतीची नोंद स्वतंत्र असावी. एका भाषेत खंड पडला म्हणून दुसरीतील प्रगती पुसली जाऊ नये.

३. एकच वाक्य निरनिराळ्या भाषांत शेजारी ठेवून पाहता व ऐकता यावे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषा संगम’ अ‍ॅपमध्ये २२ भारतीय भाषांतील दैनंदिन व्यवहाराची वाक्ये देण्यात आली.

४. उजळणी ठरावीक अंतराने व्हावी. उजळणीवाचून स्मरण झपाट्याने ओसरते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रयोगांनी दाखविले.

५. धडे उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता यावेत.

मोबाइल नसल्यास

सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात प्रसृत केलेली पद्धत कोणत्याही शाळेस परवडेल. पुठ्ठ्याच्या पेटीत पाच कप्पे करावेत. कार्डाच्या एका बाजूस शब्द, दुसरीस अर्थ लिहावा. उत्तर बरोबर आल्यास कार्ड पुढील कप्प्यात, चुकल्यास पुन्हा पहिल्या कप्प्यात ठेवावे. पहिला कप्पा रोज, पुढील कप्पे क्रमाने अधिक अंतराने तपासावेत. प्रत्येक भाषेसाठी कार्डाचा रंग वेगळा ठेवल्यास सरमिसळ कमी होण्यास मदत होईल.

ग्रामपंचायतीने वाचनालयात अशा पेट्या व एखादा सामाईक टॅब ठेवल्यास ज्या घरी मोबाइल नाही, तेथील मुलेही मागे राहणार नाहीत. मात्र अ‍ॅप शब्द देते. संभाषण माणसांतच घडते. शिक्षकांनी रोज दहा मिनिटे एकाच भाषेत बोलण्यासाठी राखून ठेवावीत आणि त्या वेळेत चूक करण्याची पूर्ण मुभा द्यावी.