मासळीतील किरणोत्सार : भीती किती, काळजी किती?

राळेगणसिद्धीत आरोग्यावर बोलून झाल्यावर एका माउलीने मला विचारले, "डॉक्टर, जपानने अणुभट्टीचं पाणी समुद्रात सोडलंय म्हणतात. मग बाजारातली सुकट पोरांना द्यावी का नाही?" गाव समुद्रापासून दूर असले तरी बोंबील-सुकट समुद्रातूनच येते. त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

किरणोत्सारी द्रव्य शरीराबाहेर असेल तर त्यापासून दूर जाता येते. अन्नातून ते पोटात गेले, तर शरीराबाहेर पडेपर्यंत आतूनच मारा करते. ते कोठे साठते, हे त्या द्रव्यावर अवलंबून असते. आयोडीन-१३१ गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत साठते. ८ दिवसांत ते निम्मे होते, पण लहान मुलांना त्याचा धोका अधिक. सीझियम-१३७ स्नायूंत जाते. त्याचे अर्धायुष्य ३० वर्षे. मात्र प्रौढांच्या शरीरातून साधारण तीन महिन्यांत त्यातील निम्मे लघवीवाटे निघून जाते. स्ट्रॉन्शियम-९० हाडांत मुरते व वर्षानुवर्षे राहते. माशांच्याही काट्यांतच ते अधिक असते.

म्हणून खरा प्रश्न "आहे का?" एवढाच नसून "किती आहे?" हा आहे. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात निसर्गतःच किरणोत्सारी पोटॅशियम असते. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर जपानने २०१२ साली अन्नातील सीझियमची मर्यादा किलोला १०० बेकेरेल ठरवली. या मर्यादेइतके सीझियम असलेली १० किलो मासळी वर्षभरात खाल्ली, तरी सुमारे ०.०१३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गाकडून जगातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. शिवाय आपली मासळी मुख्यतः अरबी समुद्रातली. त्या किनाऱ्यावर तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा तेथील पाणी व मासळी तपासत असते.

तरीही शंका विचारणे हा नागरिकांचा हक्कच आहे. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर मुंबईत आलेल्या आयरिश लोण्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने आकडे तपासून लोणी खाण्यास योग्य ठरवले. अफवेला उत्तर मिळते ते अशा मोजमापाने. विहिरीच्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या राळेगणला हे वेगळे सांगायला नको.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१) उकळून, तळून किंवा वाळवून किरणोत्सार नष्ट होत नाही.

२) आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन संरक्षण मिळत नाही, रक्तदाब मात्र वाढतो. आयोडीनच्या गोळ्या सरकारी सूचनेशिवाय घेऊ नयेत.

३) अणुअपघात झाल्यास त्या भागातील मासळी व दूध तपासणीचा निकाल येईपर्यंत मुलांना व गरोदर स्त्रियांना देऊ नये.

४) एरवी केवळ अफवेपायी मुलांची मासळी तोडू नका. सुकटीतील प्रथिने आणि कॅल्शियम गरिबाच्या ताटात सहज येत नाहीत. बुरशी आलेली, कुबट वासाची सुकट मात्र टाळा. आपल्या बाजारात खरा धोका तिचाच आहे.